पाणी उपसावे की भोक शोधावे?

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण काटकसरीचे महत्त्व सांगण्यासाठी वापरतो. पण ज्याची उमर शिडाच्या होडीवर गेली आहे अशा एखाद्या खलाशाला ती ऐकवली, तर त्याच्या कपाळावर आठी उमटल्याशिवाय राहणार नाही. त्याच्या लेखी हे तळे नेमके नको त्या ठिकाणी, म्हणजे नौकेच्या पोटात साचत असते!

नौकेला मोठे भगदाड पडले तर सगळे जागे होतात. आरडाओरडा होतो, धावपळ होते, उपाय होतो. खरा धोका असतो तो जुन्या नौकेच्या संथ गळतीचा. रोज सकाळी चार बादल्या पाणी निघते. ते उपसून टाकले की दिवस सुखाने जातो. चाराच्या पाच बादल्या केव्हा झाल्या हे कोणाच्या लक्षातही येत नाही. आता तर विजेवर चालणारे पंप आले आहेत. पाणी वाढले की ते आपोआप सुरू होतात आणि आपोआप बंद पडतात. मालकाला वाटते, नौका कोरडी आहे. वस्तुतः नौका कोरडी नसते, पंप कामसू असतो. पंप नौका वाचवतो हे खरे; पण उपसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, एवढेच मला येथे आग्रहाने मांडावयाचे आहे.

मग लोक गळती शोधत का नाहीत? कारण हे काम हाताचे कमी आणि डोक्याचे अधिक आहे. पाणी जिथे दिसते तिथून ते आत आलेले नसते. नाळेजवळच्या सांध्यातून शिरलेला थेंब आतल्या फळीच्या आडून वाट काढतो आणि पार मागच्या बाजूला प्रकट होतो. दिसेल त्या ओल्या जागी डांबर फासणे म्हणजे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असा प्रकार होय.

जाणता माणूस आधी प्रश्न विचारतो. पाणी खारट आहे की गोडे? एक थेंब जिभेवर ठेवला की पुष्कळसे कळते. गोडे असेल तर दोष बहुधा तळात नाही. पाऊस वरच्या तक्तपोशीतून झिरपतो आहे किंवा पिण्याच्या पाण्याची टाकी फुटली आहे. खारट असेल तर पुढचा प्रश्न : गळती उभ्या नौकेत होते की चालत्या? नौका उजवीकडे कललेली असतानाच पाणी येत असेल, तर एरवी पाण्याच्या वर राहणाऱ्या उजव्या अंगाचा संशय घ्यावा. इंजिन चालू असतानाच येत असेल, तर पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो ती जागा पाहावी. येथे एक गंमत आहे. जुन्या पद्धतीच्या बांधणीत दांडा फिरत असताना त्या जागेतून थोडे थेंब पडू देतात. त्यानेच ती जागा थंड राहते. तेव्हा प्रत्येक थेंब हा दोषच असतो असेही नाही.

एवढ्यावर भागले नाही तर तळ पुसून कोरडा करावा आणि त्यावर खडूची पूड भुरभुरावी. पाणी ज्या वाटेने येते ती वाट पुडीवर ओघळाच्या रूपाने उमटते. त्या ओघळाच्या मागे मागे जावे, एकेक कप्पा निर्दोष ठरवून बाजूला काढावा. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत काय, इतिहासाच्या दप्तरखान्यात काय, किंवा पाठभेद तपासणाऱ्या भाषेच्या अभ्यासकाच्या टेबलावर काय, याहून वेगळे असे काय घडते?

या संदर्भात आपल्या मुंबईशी नाते असलेल्या एका नौकेची हकिकत सांगण्यासारखी आहे. तिचे नाव ‘सुहेली’. बत्तीस फूट लांबीची ही सागवानी नौका मुंबईत कुलाब्याला बांधली गेली आणि 1964 च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. आपल्या सुतारांनी ती बहुतांशी हातहत्यारांनी घडवली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधील फाल्मथ बंदरातून एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. थोड्याच दिवसांत पाणी झिरपू लागले. पंप मारीत पुढे जाणे त्याला शक्य होते. पण पुढे दक्षिण महासागराच्या लाटा होत्या. वारा पडलेला पाहून त्याने भर अटलांटिक महासागरात बुडी मारली. तळाच्या कण्यालगतच्या सांध्यातून भरण निघून गेले होते आणि नौका हलेल तसतशी ती फट उघडत-मिटत होती.

श्वास रोखून पाण्याखाली कापूस ठासणे त्याला जमेना. तेव्हा त्याने कापसाची वात कॅनव्हासच्या लांब पट्टीवर शिवली, तिला डांबर लावले आणि ती पट्टी तांब्याच्या चुकांनी सांध्यावर ठोकली. वर तांब्याचा पत्रा मारला. मध्यंतरी एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला गोळी घालावी लागली. एक बाजू झाल्यावर त्याने दुसरी बाजूही तशीच बुजवली. 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, तो फाल्मथला परतला. कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस ठरला. त्या शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी पुरी केली ती त्याने एकट्यानेच.

या नौकेची पुढची कथाही तितकीच बोलकी आहे. 1997 मध्ये ती ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. तेथील कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. अखेर 2002 मध्ये मालकाने तिला बाहेर काढले आणि दुरुस्तीला घेतले. लाकडी नौकेच्या फळ्या पाण्याने फुगतात आणि एकमेकींना घट्ट बिलगतात. तिला जपायचे तर ओले ठेवावे लागते!

आपल्या कोकणपट्टीला हे सांगायला नको. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारण्याची रीत आहे. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हा पाण्यात जाण्यापूर्वी फटींत कापूस ठासतात, राळ आणि तेल भरतात. यातही तारतम्य लागते. वाळलेल्या फळ्यांच्या फटीत हौसेने अतिकठीण भरण कोंबले, तर पाण्यात फुगलेल्या फळीला जागा उरत नाही. तिच्या कडा चेंगरतात, प्रसंगी आतल्या फासळ्याही मोडतात. लोखंडी खिळे गंजून सैल झाले असतील तर आधी खिळे बदलावे लागतात, नाही तर ठोकलेला कापूस फळीलाच बाहेर ढकलतो. दुरुस्ती किती करावी याइतकेच ती कोठे थांबवावी हेही ज्ञान आहे.

आणि येथेच माझे खरे गाऱ्हाणे आहे. हे ज्ञान आहे, असे आपण मानतो का? नवी नौका पाण्यात उतरते तेव्हा नारळ फुटतो, भाषणे होतात. जुनीची गळती शोधणाऱ्या सुताराला मजुरी मिळते, मान मिळत नाही. तो विचार करतो हेच आपल्याला दिसत नाही, कारण त्याचा विचार कागदावर नसतो, बोटांत असतो. कोणी म्हणेल, आता फायबरच्या होड्या आल्या, जुन्याचे कौतुक कशाला? पण फायबरच्या नौकेलाही बोल्ट असतात, नळ्यांची तोंडे असतात, सुकाणूचा दांडा असतो. गळतीच्या जागा बदलल्या, शोधण्याची शिस्त बदलली नाही.

आपले महाविद्यालय ‘कला’ शाखेचे. मग या कलेची नोंद आपण का घेऊ नये? मराठी, इतिहास आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सुटीत एखाद्या बंदरावर जावे, वृद्ध सुतारांचे शब्द, हत्यारांची नावे आणि गळती ओळखण्याच्या खुणा त्यांच्याच तोंडून लिहून घ्याव्यात. प्राध्यापकांनी त्याला प्रकल्प म्हणून मान्यता द्यावी. लाकडी होड्यांबरोबर ही माणसेही कमी होत चालली आहेत. ही गळती संथ आहे, म्हणून ती कोणाला जाणवत नाही. पुढच्या वर्षीच्या अंकात अशा शंभर शब्दांची यादी छापून आली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.