दहा फुटी खोलीतले ध्वनिमुद्रण

गाणे ध्वनिमुद्रित होणे ही एके काळी कंपनीच्या मर्जीची बाब होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत आणि तेवढ्या अवकाशात कोणाचा आवाज बसवायचा हे कंपनीचा अधिकारी ठरवी. पुढे चित्रपटांसाठी मोठी ध्वनिमुद्रणगृहे उभी राहिली. व्ही. शांताराम यांनी १९४२ साली परळला स्थापन केलेल्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी ध्वनिमिश्रणाच्या कलेला प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु त्याच परळ-लालबागच्या चाळींत रात्र रात्र रंगणाऱ्या भजनांना अशा वास्तूंची दारे क्वचितच उघडली. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून गिरणगाव जागवले. त्या परंपरेतील असंख्य अनाम साथीदारांचा आवाज मात्र हवेत विरून गेला.

आज ती अडचण उरलेली नाही. १९७९ साली कॅसेटवर चार स्वतंत्र पट्ट्या मुद्रित करणारे छोटे यंत्र बाजारात आले, तेव्हा घरच्या घरी ध्वनिमिश्रण करण्याची वाट मोकळी झाली. आता साधा संगणक, एक मायक्रोफोन आणि कानाला लावायचा हेडफोन एवढ्या साहित्यावर गिरगावातील वा दादरमधील विद्यार्थी आपले गाणे तयार करू शकतो. कलेच्या क्षेत्रातील ही लोकशाही स्वागतार्हच आहे. गैरसोय आहे ती वेगळीच. यंत्र स्वस्त झाले, पण शांतता महाग झाली.

बी.डी.डी. चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. नव्या इमारतींत जागा थोडी वाढली, तरी मुलाच्या वाट्याला येते ती फार तर दहा फुटी खोलीच. गायनाला सुरुवात करावी तो शेजारी कुकरची शिट्टी होते, खालून टेम्पो जातो. रात्री दोननंतर शांतता मिळते, पण तेव्हा गाण्यास शेजाऱ्यांची हरकत असते आणि ती रास्तही असते. शिवाय ध्वनीचे शास्त्र कोणाची गय करीत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फुटांचे अंतर असले, की सेकंदाला सुमारे ५६ कंपनांचा खर्ज त्या खोलीत घुमू लागतो. एका कोपऱ्यात तो कानठळ्या बसवतो, खोलीच्या मध्यावर नाहीसा होतो. मिश्रण करणारा मध्यावर बसला तर खर्ज कमी वाटून तो वाढवतो, आणि बाहेर ऐकताना तेच गाणे जड, गढूळ वाटते. भिंतींना गोधड्या टांगून वरच्या पट्टीतील आवाज शोषला जातो. खर्ज त्यांना जुमानत नाही. म्हणजे दोष तरुणाच्या कानाचा नसून जागेचा असतो.

याचा परिणाम गाण्यावरही होतो. ढोलकीवाल्याला बोलावण्यास जागा नाही, म्हणून संगणकातील तयार ठेका घेतला जातो. चार जणांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहत वाजवायचे संगीत एकट्याने थरावर थर चढवून सिद्ध होते. सोय झाली खरी. पण साथीदाराचा रोजगार आणि संगतीतून मिळणारे शिक्षण, दोन्ही गेले.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गिरणगावात आज पुनर्विकासाचे मनोरे उठत आहेत. त्यांत व्यायामशाळा आणि सभागृहे येतात. त्यांबरोबर ध्वनिरोधक अशी एक खोली का असू नये? संध्याकाळी रिकाम्या राहणाऱ्या महापालिका शाळांतील एखादा वर्ग प्रत्येक विभागात यासाठी राखता येईल. पाण्याचे आणि घरांचे प्रश्न असताना ही चैन कशाला, असे कोणी विचारील. परंतु वाचनालयांसंबंधीही हाच प्रश्न विचारला जात असे, आणि त्याचे उत्तर त्या वाचनालयांत अभ्यास करून पुढे आलेल्या पिढ्यांनी दिले आहे.

या कामाला मुदत आहे, हे विसरून चालणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. भजनी मंडळांच्या चाली, त्यांतील पखवाजाचे बोल त्याच्या कंठात आणि बोटांत आहेत, कागदावर नाहीत. पूर्वी मैफलींना टेपरेकॉर्डर घेऊन जाणाऱ्या हौशी रसिकांमुळे कित्येक गायक आज आपल्याला ऐकता येतात. तेच काम आता नातवंडांनी आजोबांसाठी करावे. मात्र मुद्रणासोबत गायकाचे, वादकाचे नाव आणि तारीख नोंदवावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी कलावंताला आपल्या सादरीकरणावर हक्क दिला आहे. पण नावच नोंदलेले नसेल तर तो हक्क सांगणार कोण?

यंत्र तरुणांनी स्वतःच्या खिशातून घेतले आहे. दार लावून घेता येईल अशी एक खोली देणे एवढेच समाजाच्या वाट्याचे काम उरले आहे.