टोपडं आधी की बाळ आधी?

कन्नडमध्ये एक म्हण आहे, ‘कूसु हुट्टुव मुंचे कुलावि’. मूल जन्माला यायच्या आधीच टोपडं. आपण ‘बाजारात तुरी’ म्हणतो तशीच, उतावळ्या माणसाला टोमणा मारायला वापरतात. काकतीत मराठी आणि कन्नड एकाच ओसरीवर बसून गप्पा मारत असल्यामुळे ही म्हण आमच्या घरातही चालते. जूनमध्ये माझ्या बहिणीला मुलगी झाली. त्याआधी मी आईला ‘मामाकडून काहीतरी विणून द्यावं म्हणतो’ असं म्हटलं, तेव्हा आजीनं हीच म्हण मला ऐकवली. बाळ येण्याआधी बाळाचे कपडे करू नयेत, असा तिचा दंडक.

तिचं कारण शकुनाचं होतं. पण विणणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तरी म्हण चुकीची नाही. जन्माच्या वेळी बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34 सेंटिमीटर असतो. सहा महिन्यांत तो मुलींचा 42 आणि मुलग्यांचा 43 च्या घरात जातो, आणि वर्षाला 45-46. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत आठ-नऊ सेंटिमीटरची वाढ आणि पुढच्या सहा महिन्यांत जेमतेम तीन. ऐन थंडीत बाळ किती महिन्यांचं असेल हे ठाऊक नसताना विणलेली गोष्ट बहुतेक वेळा कपाटातच राहते. बाळंतविड्यातल्या टोपड्यांना बंद असतात ते उगाच नाही. गाठ मागेपुढे करता येते. विणलेल्या पट्टीला ती सोय नाही. तिला माप लागतं, आणि मापासाठी आधी डोकं लागतं!

यावेळचा विषय कानपट्टी. डोक्याभोवती बसणारी, कान झाकणारी, वरून उघडी. ऑनलाइन मिळणाऱ्या फुलं लावलेल्या नायलॉनच्या पट्ट्या मी यात धरत नाही. त्या बारशाच्या फोटोपुरत्या असतात आणि काढल्यावर कपाळावर लाल वळ ठेवून जातात.

थोडं कापडाबद्दल. बेळगाव हे मागांचं गाव. वडगाव, शहापूर, खासबागेच्या गल्ल्यांतून जाताना अजून खटखट ऐकू येते. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांना अडवून धरतात, म्हणून साडी ताणली तरी लांब होत नाही. विणकामात एकच धागा असतो आणि तो फासांतून वळत वळत जातो. ओढलं की फास सरळ होतात, सोडलं की पुन्हा गोल. बाळाच्या डोक्यावर न बांधता, न काचता काही बसवायचं असेल तर हाच गुण उपयोगी. पण हा ताण कुठल्या दिशेला हवा, ते आधी ठरवावं लागतं, आणि बऱ्याच नमुन्यांत नेमकं तेच सांगितलेलं नसतं.

‘एक सुलट, एक उलट’ हे स्वेटरच्या मनगटावरचं विणकाम आडवं ताणतं. सुलट टाक्यांचे उभे पट्टे पुढे येतात, उलटचे मागे जातात आणि कापड पंख्यासारखं मिटतं. सगळ्या सुया सुलट विणल्या तर आडव्या वळ्या उठतात आणि कापड उभं ताणतं. कानपट्टी गोल विणत असाल तर पहिला प्रकार घ्यावा. पण गोल सुया सगळ्यांकडे नसतात. दोन साध्या सुयांवर अरुंद पट्टी लांब विणत न्यायची आणि टोकं जोडायची असतील तर सगळं सुलटच बरं, कारण तेव्हा पट्टीची लांबी डोक्याभोवती जाते. इथं ‘एक सुलट, एक उलट’ घेतलं तर ताण रुंदीला मिळतो, जिथं त्याचा काही उपयोग नाही. शिवाय नवशिक्याला उलट टाका शिकावाच लागत नाही, हा वरचा नफा.

माझा हिशेब असा होता. भाची डिसेंबरात सहा महिन्यांची होऊन माहेरपणाला आली, तेव्हा भुवयांच्या जरा वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून टेप फिरवून माप घेतलं. 42. पट्टी मापापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी आखूड हवी, म्हणजे 38. मापाइतकीच केली तर दोन दिवसांत सैल होऊन डोळ्यांवर उतरते. रुंदी कान झाकण्यापुरती, साडेसहा सेंटिमीटर. मग छोटा चौकोन विणून टाके मोजले. मध्यम जाडीची लोकर आणि 4 मिलिमीटरच्या सुया यांवर माझ्या हाताला 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसतात, म्हणून 14 टाके घातले. तुमचा हात सैल असेल तर 12 पुरतील. हा चौकोन टाळू नका. विणकामातलं टेस्टिंग तेच आणि आमच्या ऑफिसातल्यासारखं तेही लोकांना वेळेचा अपव्यय वाटतं. पुढे सुमारे 160 सुया, म्हणजे दोन हजारांच्या वर टाके. वीसेक ग्रॅम लोकर पुरते. ऑफिसच्या ज्या कॉलवर आपल्याला फक्त ऐकायचं असतं, अशा चार-पाच कॉलमध्ये काम होतं.

परदेशातल्या वाचकांसाठी एक सूचना. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात. आपली 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची, अमेरिकेतली 8 नंबरची 5 मिलिमीटरची. आईकडून फोनवर नंबर विचारून तिकडे सुया घेतल्या तर पट्टी बाळाऐवजी बाबांना बसेल. मिलिमीटरच विचारा.

लोकरीचंही तसंच. आमच्या भागातल्या धनगर-कुरुबरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर घोंगड्याची. तिचा तंतू 30 मायक्रॉनहून जाड असतो, वर घोंगडं ताठ व्हावं म्हणून चिंचोक्याची खळ देतात. पावसात डोक्यावर घ्यायला त्यासारखं दुसरं काही नाही, पण बाळाच्या कानाला ते टोचणारच. मेरिनो लोकर 20 मायक्रॉनच्या आसपासची, मऊ. बाजारात ‘बेबी वूल’ म्हणून मिळतं ते पुष्कळदा ॲक्रिलिक असतं. मऊ असतं, धुवायला सोपं, पण घाम शोषत नाही. वेष्टनावर काय लिहिलंय ते वाचा. बेळगावच्या थंडीला सुती धागासुद्धा चालतो. आमच्याकडे रात्री पारा 13-14 पर्यंत उतरतो, काही सिमला नाही. मणी, बटणं, लोकरीचे गोंडे अजिबात नकोत, ते सुटले की थेट तोंडात जातात.

‘बाप्याच्या हातात सुया?’ असं शेजारच्या काकूंनी विचारलंच. युरोपात एके काळी मोजे विणणाऱ्यांचे संघ पुरुषांचे होते आणि मोजे विणायचं पहिलं यंत्र 1589 मध्ये विल्यम ली नावाच्या पुरुषानंच केलं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

खरा पेच पट्टी तयार झाल्यावर आला. आजीचं म्हणणं, ‘वारं शिरतंय कानात. रात्री बांधून झोपव की तिला.’ बहिणीचं म्हणणं, झोपेत डोक्यावर काहीही नको. दोघी बोलत होत्या बाळाबद्दल, पण आवाज चढत होते ते ‘मी पाच वाढवली’ आणि ‘माझी मुलगी आहे’ यावरून. अशा वेळी मामानं सुया आवरून आत जावं, हे उत्तम. मी गेलो नाही.

गंमत म्हणजे दोघींच्या म्हणण्यामागची गोष्ट एकच आहे. मोठ्या माणसाच्या शरीराच्या पृष्ठभागापैकी डोक्याचा वाटा सुमारे 7 टक्के, तर तान्ह्या बाळाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. म्हणून उघड्या डोक्यातून बाळ लवकर गार पडतं, आणि झाकलेल्या डोक्यामुळे लवकर तापतंही. कमी वजनाच्या नवजात बाळाला आईच्या छातीशी धरून कांगारू पद्धतीनं ऊब देतात, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनाही टोपी घालायला सांगते. उलट अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2022 मध्ये सांगितलं की, जन्मानंतरचे पहिले काही तास किंवा नवजात अतिदक्षता विभाग सोडला तर घरात बाळाला टोपी घालू नये, कारण झोपेत शरीर तापणं तान्ह्या बाळाला धोक्याचं. त्यात पट्टी सरकून नाका-तोंडावर येण्याची भीती वेगळी.

हे सगळं मी आजीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आमचं घर कौलारू होतं रे. पहाटेला कौलातनं गारवा अंगावर पडायचा.’ मला वाटतं, सगळ्या वादाचं उत्तर या वाक्यात होतं. तिचा नियम मातीच्या भिंतींच्या, फटींतून वारा येणाऱ्या घरासाठी बरोबर होता. आता आम्ही सिमेंटच्या खोलीत खिडक्या बंद करून, वर जाड दुलई घेऊन झोपतो. घर बदललं, नियम तोच राहिला. तिला ‘तुमच्या काळचं चुकीचं होतं’ असं कुणी म्हटलं नाही, म्हणून तिनंही ताणलं नाही.

मग असं ठरलं. सकाळी कोवळ्या उन्हात ओसरीवर न्यायचं, गाडीवरून बेळगावला जायचं, संध्याकाळी देवळात जायचं, तेव्हा पट्टी कानांवर. डोळे मिटायला लागले की पट्टी काढून खिळ्यावर. रात्री बाळाला थंडी वाजतेय की उकडतंय हे बघायचं काम आजीकडे. ती हातापायांना हात लावत नाही. ते बाळाचे एरवीही गारच असतात, म्हणते. मानेमागे दोन बोटं ठेवते. तिथं घाम असला की एक पांघरूण कमी. डॉक्टरही मान किंवा छातीच बघायला सांगतात. पहिल्याच आठवड्यात दोनदा पांघरूण कमी झालं, तेही तिच्याच हातून.

धुताना गार पाणी, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून पसरून वाळवायचं. गरम पाण्यात खऱ्या लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून आकसतात आणि ते परत सुटत नाहीत.

पुढच्या थंडीत भाची दीड वर्षाची असेल. डोकं साधारण 46 होईल, म्हणजे पट्टी 41-42 हवी. मागची शिवण उसवून टाके परत सुईवर घ्यायचे, पंधराएक सुया वाढवायच्या आणि पुन्हा जोडायचं. उरलेला गुंडा त्याच रंगाचा असावा म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यात ठेवलाय. आजीनं त्यावर भाचीचं नाव लिहिलेली चिठ्ठी टोचली आहे, मराठीत आणि खाली कन्नडमध्येही.