मिस्टर आले नाहीत?

मा. शाखाधिकारी साहेबांस,


माझी फाईल उघडण्याआधीच तुम्ही विचारलंत, "मिस्टर आले नाहीत?" हे शेतावर होते. मसाल्याशी ह्यांचा संबंध ताटापुरता. तसं मी तोंडावर म्हणाले नाही, नुसती हसले. त्या हसण्याचाच आता जास्त राग येतो.

बारा वर्षं मी कांदा-लसूण मसाला करते. तिखटाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी. कांडायला मात्र दुसऱ्याच्या डंकावर रांग लावते. कर्ज कसं मागायचं, हे कळलं ते दहा दिवसांच्या उद्योजकता प्रशिक्षणात. तिथल्या मॅडमनी माझा किलोमागचा हिशेब बघून विचारलं, "यात तुमची मजुरी कुठंय?" बारा वर्षांत ती मी धरलीच नव्हती! त्या रात्री हिशेब पुन्हा मांडला. नफा निम्म्यावर आला, पण खरा आला. मग उद्यम नोंदणी, अन्नसुरक्षेचा परवाना, यंत्राचं कोटेशन, प्रकल्प अहवाल. तो अहवाल तुम्ही चाळलासुद्धा नाहीत. "घरबसल्याच करता ना?" एवढंच म्हणालात.

नियम तुम्हाला मी सांगायचे? पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात खेड्यातल्या बाईनं स्वतःचे 5 टक्के घालायचे, अनुदान 35 टक्के. माझा प्रकल्प 8 लाखांचा. माझे 40 हजार, मोहनमाळ मोडून तयार ठेवलेत. अनुदान 2 लाख 80 हजार, तेही तीन वर्षं तुमच्याच बँकेत अडकणार. उरले 4 लाख 80 हजार. छोट्या उद्योगाच्या एवढ्या कर्जाला तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचाच दंडक. तरी तुम्ही सातबारा मागितलात. त्यावर नाव सासऱ्यांचं आहे.

म्हसवडच्या बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून आधी बँकेचा परवाना नाकारला होता. त्या शिकल्या, आणि 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. मी तर दहावी पास. आणि मला बँक काढायची नाही, साहेब, कांडपयंत्र घ्यायचंय.

नकारच द्यायचा असेल तर लेखी द्या, कारणासकट. आणि अर्जावर सही माझी आहे, नंबरही माझाच आहे. परवा फोन तुम्ही ह्यांना केलात.

आपली,
एक अर्जदार