इंजिने जपली, आगवाले विसरले!

रेल्वे व टपाल कामगार बंधू-भगिनींनो,

दिल्लीच्या परिसरात कोळशाची खाण नाही. पण कोळशावर राबलेल्या कामगारांचा इतिहास पाहायचा तर तेथे दोन ठिकाणे आहेत: चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आणि हरियाणातील रेवाडीचे वाफेच्या इंजिनांचे शेड. मोर्चा, अधिवेशन वा शिष्टमंडळासाठी दिल्लीस जाणाऱ्यांनी सवड काढून ती जरूर पाहावीत. मात्र पाहताना एक प्रश्न विचारावा: यात आपण कोठे आहोत?

रेवाडीच्या शेडने सांभाळलेले १८५५ सालचे 'फेअरी क्वीन' इंजिन घ्या. हावडा-राणीगंज मार्गावर ते टपालाच्या हलक्या गाड्या ओढीत असे. राणीगंज म्हणजे कोळशाचा मुलूख. खाणकामगाराने कोळसा काढला, आगवाल्याने तो भट्टीत टाकला, म्हणून टपाल पोचले. आणि कौतुक कोणाचे? लीड्सच्या कारखान्याचे व इंजिनाच्या वयाचे!

रेवाडीचे शेड १८९३ चे. वाफेचे युग संपल्यावर ते ओस पडले होते. २००२ मध्ये दुरुस्त करून ते वारसा म्हणून पुन्हा उभे केले. याबद्दल प्रशासनाचे अभिनंदन करण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. परंतु इंजिनाला नाव, क्रमांक, बांधणीचे साल मिळते. फावड्याने कोळसा ओतणाऱ्या फायरमनच्या वाट्याला काय आले? भट्टीची धग, अंगभर कोळशाची भुकटी आणि न संपणारी ड्युटी! याच ड्युटीविरुद्ध १९७३ मध्ये लोको रनिंग कामगार संपावर गेले आणि दहा तासांची मर्यादा सरकारला मान्य करावी लागली. पुढच्याच वर्षी, मे १९७४ मध्ये, देशव्यापी रेल्वे संप झाला. हा वारसा नव्हे काय?

काही म्हणतात, संग्रहालय ही मुलांच्या करमणुकीची जागा. तेथे संपाचे काय काम? त्यांना आठवण द्यावी लागेल की, दिल्लीच्या या संग्रहालयाची कोनशिला १९७१ मध्ये राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी बसवली, आणि गिरी हे बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांचे पुढारी होते! इंग्लंडमध्ये वेकफिल्डजवळच्या कॅपहाऊस या जुन्या खाणीत आज राष्ट्रीय कोळसाखाण संग्रहालय आहे. तेथे खाणीत राबलेले कामगारच पाहुण्यांना जमिनीखाली नेत आले आहेत. तेथे होते, ते येथे का होऊ नये?

आमच्या मागण्या साध्या आहेत. दोन्ही ठिकाणी खाणकामगार, फायरमन, शेडमधील खलाशी आणि रात्रभर डब्यात टपाल लावणारे आरएमएसचे सॉर्टर यांचे स्वतंत्र दालन करा. निवृत्त कामगारांना मानधन देऊन मार्गदर्शक नेमा. लढ्यांचा इतिहासही मांडा.

सरकारची वाट मात्र पाहू नका. ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक १९९५ मध्ये थांबली; त्या वेळचे तरुण फायरमन आज म्हातारे झाले आहेत. भुसावळ, दौंड, मनमाडच्या शाखांनी त्यांच्या आठवणी याच वर्षी लिहून घ्याव्यात.

कामगार एकजुटीचा विजय असो!