शेजाराचे भांडवल

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटास जागतिक नाट्यपटांच्या विभागातील परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मराठी माणसास त्याचा आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे, व तो आम्हांसही झाला. मात्र या चित्रपटाच्या निर्मितीत भारताबरोबर ब्रिटन व कॅनडा या देशांचाही वाटा होता, ही गोष्ट अभिनंदनाच्या भरात दृष्टीआड होऊ नये. यापूर्वी चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने २०१४ मध्ये आणि ‘द डिसायपल’ने २०२० मध्ये व्हेनिस येथे पारितोषिके मिळविली. दहाबारा वर्षांत असे यश अनेकदा आले, तरी मराठी निर्मात्यांसाठी परदेशाची वाट मळलेली नाही. प्रत्येकाने आपली वाट स्वतः तोडली आणि तो पुढे गेल्यावर तीवर पुन्हा गवत उगवले. असे का व्हावे?

हे दुखणे नवे नाही. १९१४ साली दादासाहेब फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले व तेथील जाणकारांनी ते पाहून वाखाणले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले, भांडवलदारांनी हात आखडता घेतला आणि फाळक्यांना नाशिकचा संसार कसाबसा सावरावा लागला. त्या माणसाजवळ कला होती, यंत्रज्ञान होते, अचाट धैर्य होते. सरस्वतीबाईंसारखी सहधर्मचारिणी होती, की जिने मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला आणि फिल्मचे कामही केले. नव्हता तो केवळ शेजार. त्यांच्या अडचणीत उपयोगी पडेल असा दुसरा निर्माता, हा धंदा समजणारा सावकार, परदेशी करार वाचू शकणारा वकील यांपैकी त्यांच्या आसपास कोणीही नव्हते.

शेजार हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहो. एका धंद्यातील लहानमोठ्या पेढ्या, कारागीर, शाळा आणि पैसा पुरविणारे एका ठिकाणी दाटीने राहिले, म्हणजे त्यास हल्ली ‘क्लस्टर’ म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ मार्शल यांनी १८९० मध्येच त्याचे मर्म सांगून ठेवले होते. अशा गावी धंद्याची गुपिते गुपिते राहत नाहीत, मुले ती नकळत शिकतात. इचलकरंजीत माग बिघडला तर दुरुस्त करणारा गावातच भेटतो, तोच हा न्याय होय. आमच्याकडेही तो एकदा फळला होता. ‘प्रभात’चे संस्थापक कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाले. १९२९ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली व १९३३ मध्ये ती पुण्यास नेली. त्यांचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसपर्यंत पोचला.

आता स्वीडनकडे वळू. ट्रोलहेत्तान हे तेथील एक मध्यम आकाराचे कारखानदारी गाव. आगगाडीची इंजिने आणि मोटारी ही त्याची ओळख. साब कंपनीचा मोटारींचा कारखाना २०११ मध्ये दिवाळे निघून बंद पडला, तो याच गावचा. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिल्म इ व्हेस्त’ या प्रादेशिक संस्थेने पुढे या गावी जुन्या इंजिन कारखान्याच्या आवारात चित्रपटांचा धंदा वसविला. संस्थेचा पैसा सार्वजनिक, पण ती तो दान म्हणून देत नाही. सहनिर्माती म्हणून गुंतविते. अट अशी, की चित्रपटाचे काही काम व खर्च त्या प्रदेशात झाला पाहिजे आणि परदेशी निर्मात्याने स्वीडनमधील निर्मात्याशी भागी केली पाहिजे. वरवर पाहता ही अट साधी दिसते, पण सारी किमया तिच्यातच आहे. लार्स फॉन ट्रिअर हा डेन्मार्कचा दिग्दर्शक. ‘डान्सर इन द डार्क’ची कथा अमेरिकेत घडते, पण चित्रीकरण पुष्कळसे ट्रोलहेत्तानात झाले, आणि २००० साली कान येथील सुवर्णपर्ण त्याने पटकावले. ‘डॉगव्हिल’ तर तेथील एका कोठारवजा दालनात, जमिनीवर खडूच्या रेघा ओढून चित्रित झाला. पाहुणा आला, पैसा खर्चून गेला, एवढ्यावर हे थांबले नाही. त्याच्याबरोबर काम करताना स्थानिक सुतार, ध्वनिमुद्रक, हिशेबनीस व निर्माते परदेशी करार कसा वाचावा, चार देशांचा पैसा एका खतावणीत कसा मांडावा, हे शिकले. त्याच प्रदेशातील गटेनबर्गचे रूबेन ऑस्टलंड यांना २०१७ व २०२२ मध्ये दोनदा सुवर्णपर्ण मिळाले. दोन्ही चित्रपटांत ‘फिल्म इ व्हेस्त’ची भागी होती. गुणवत्ता ऑस्टलंड यांची, यात शंका नाही. पण ती जगाच्या दारात नेऊन ठेवणारी माणसे त्यांना घराजवळ लाभली.

दूरचित्रवाणीतही हेच घडले. स्वीडनचे माल्मो आणि डेन्मार्कचे कोपनहेगन ही शहरे २००० मध्ये पुलाने जोडली गेली. त्याच पुलावर सापडलेल्या प्रेतापासून सुरू होणारी ‘ब्रून’, म्हणजे ‘पूल’, ही मालिका दोन्ही देशांच्या वाहिन्यांनी मिळून २०११ मध्ये काढली. पुढे ब्रिटन-फ्रान्स व अमेरिका-मेक्सिको यांच्या सरहद्दींवर तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. लहान भाषेतील मालिकेने जग जिंकण्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

तथापि प्रत्येक शेजार हितकर असतोच असे नाही. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे पीटर जॅक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेला धंदा कौशल्यात कोणास हार जाणार नाही. परंतु २०१० मध्ये ‘द हॉबिट’च्या वेळी नटांच्या संघटनेशी तंटा झाला आणि चित्रपट दुसरीकडे जाण्याची धास्ती निर्माण झाली, तेव्हा त्या देशाच्या सरकारने कामगारविषयक कायदा बदलला व सवलती वाढविल्या. चित्रपटाची मालकी ज्याच्या हाती, त्याच्यापुढे कुशल कारागीरही हात जोडून उभा राहतो. म्हणून आम्ही अधिक महत्त्व देतो ते मालकीला.

मुंबईचे काय? गोरेगावची चित्रनगरी १९७७ पासून आहे. कुशल माणसांची येथे वाण नाही. किंबहुना एवढी दाटी जगात फार थोड्या ठिकाणी असेल. पण चित्रनगरीत भाड्याने मिळते ते दालन, ओळख नव्हे. २०२४ मध्ये कान येथे ग्रां प्री मिळविणारा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ मुंबईत व रत्नागिरीकडे चित्रित झाला, मात्र त्याची मुख्य निर्मितीसंस्था फ्रान्सची. फ्रेंचांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी परदेशी चित्रपटांत भागी घेण्याची सोय करून ठेवली आहे, आम्ही ठेवलेली नाही.

राज्य सरकार पूर्ण झालेल्या मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देते, आणि काही निवडक चित्रपट कान येथील बाजारातही पाठविते. हेतू चांगला असला तरी वेळ चुकीची आहे. परदेशी भागीदार जोडायचा असतो तो पटकथा कागदावर असताना. कारण दोन देशांत सहनिर्मितीचा करार असला, म्हणजे चित्रपट दोन्हीकडे स्वदेशी ठरतो व दोन्हीकडच्या साहाय्यास पात्र होतो. पण ती पात्रता चित्रीकरणापूर्वी मिळवावी लागते. भारताचे असे करार ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, कॅनडा इत्यादी देशांशी झालेले आहेत. ते वाचून दाखविणारा माणूस दादरच्या किंवा कोल्हापूरच्या निर्मात्यास कोठे भेटावा? परदेशी विक्रेता प्रथम विचारतो ते कथेविषयी नव्हे. मूळ लेखकापासून गीतकारापर्यंत सर्वांच्या हक्कांची कागदपत्रे एकमेकांशी जुळतात काय, हे तो पाहतो. आमच्याकडे कित्येक व्यवहार आजही शब्दावर चालतात. शब्द पाळणारी माणसे थोर खरी, पण परदेशच्या वकिलास त्यांचा शब्द दाखविता येत नाही.

एकट्या निर्मात्यास असा वकील, परकीय चलनाचा हिशेब जाणणारा तपासनीस आणि उपशीर्षकांचा जाणता भाषांतरकार बाळगणे परवडणार नाही. दहा निर्मात्यांना मिळून ते सहज परवडेल. गोव्यात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ पासून नोव्हेंबरात भरविलेल्या बाजारात परदेशी भागीदार आपण होऊन येत आले; ‘द लंचबॉक्स’ त्याच वाटेने गेला. तेथे पटकथा घेऊन जाणाऱ्या मराठी निर्मात्यांमागे ही माणसे उभी करावीत. अनुदानाच्या रकमेतील एक हिस्सा राज्याने पटकथेच्या टप्प्यावरच भागी म्हणून गुंतवावा, आणि परदेशी पैसा आला तरी मराठी निर्मात्याच्या नावे हक्कांचा निश्चित वाटा राहील, अशी अट करारात घालावी. पुढच्या अर्थसंकल्पात सांस्कृतिक खात्याने या कामासाठी किती रक्कम राखून ठेवली, हे आम्ही पाहणार आहो.