टक्केवारीत न बसणारे भाजणे

भाजलेल्या माणसाला रिक्षेतून, टेम्पोतून अथवा १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात उतरविले, की दारात जमलेल्या आप्तेष्टांपासून जबाब घ्यावयास आलेल्या हवालदारापर्यंत आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठी मजकूर जुळविणाऱ्या वार्ताहरापर्यंत सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : किती टक्के भाजलं? प्रश्न अशास्त्रीय नव्हे. डोके व मान मिळून नऊ, एकेक हात नऊ, एकेक पाय अठरा, छाती-पोट अठरा आणि पाठ अठरा, हा जो नवांचा आडाखा वैद्यकात रूढ आहे, त्यावरूनच पहिल्या चोवीस तासांत शिरेवाटे किती सलाईन द्यावयाचे हे ठरते. मात्र या जमाखर्चात घसा, श्वासनलिका आणि फुप्फुसे यांच्या नावे एक पैही मांडलेली नसते. कोंडलेल्या खोलीत ज्याने पोटभर धूर ओढला, पण ज्याच्या अंगावर एक फोडही उठला नाही, तो आमच्या दप्तरी शून्य टक्के भाजलेला.

शून्य टक्क्यांनी जीव कसा जातो, हे महाराष्ट्राने ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्यात पाहिले. तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भकांच्या कक्षात आग लागली तेव्हा आत सतरा बालके होती. सात वाचली, दहा गेली. आणि त्या दहांपैकी तीन होरपळून, तर सात धुराने गुदमरून गेली, असे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीच सांगितले. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारातील आगीत चौदा जण दगावले, त्यांतही बहुतेकांचा घास धुरानेच घेतला. ज्वाळा टाळण्यासाठी कित्येकांनी स्वच्छतागृहाचा आश्रय घेतला होता. वैद्यकाला हा धडा बोस्टन शहराने १९४२ साली दिला होता. तेथील कोकोनट ग्रोव्ह या रात्रीच्या क्लबातील आगीत ४९२ माणसे गेली, आणि त्या रुग्णांचा अभ्यास करताना श्वासमार्गाची इजा ही कातडीच्या इजेहून निराळी व्याधी आहे, हे तेथील शल्यविशारदांच्या ध्यानी आले.

ही इजा तिहेरी असते. तप्त हवेने घसा व स्वरयंत्र पोळते आणि सुजू लागते. धुरातील दाहक द्रव्ये खालच्या नलिकांचे अस्तर सोलून काढतात, आणि ते अस्तर, काजळी व चिकट स्राव यांचे बुचके आतल्या आत वाट बुजवितात. तिसरी इजा विषाची : कार्बन मोनॉक्साइड रक्तरंजकाला प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि गाद्यांतील फोम, नायलॉन असल्या वस्तू जळाल्या म्हणजे सायनाइडही त्या धुरात मिसळते. यांपैकी पहिली सर्वांत फसवी. रुग्ण चालत येतो, नाव-गाव सांगतो, चहाही मागतो. आणि डॉक्टरने बॅटरीच्या उजेडात पाहिले तर नाकातले केस करपलेले, थुंकीत काजळी आणि आवाज किंचित घोगरा. त्या घोगऱ्या आवाजाकडे दुर्लक्ष झाले, तर काही तासांत सूज वाढून घसा बंद होतो, आणि मग श्वासासाठी घशातून घालावयाची जी नळी सकाळी सहज सरकली असती ती रात्री निष्णात भूलतज्ज्ञालाही घालता येत नाही. गळ्याला छेद देण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

बोटाला लावावयाच्या ऑक्सिमीटरबद्दल येथे एक ताकीद देणे अवश्य आहे. करोनाच्या साथीने हे यंत्र घरोघर पोहोचविले आणि त्यातील आकडा म्हणजे जणू धन्वंतरीचा शब्द, अशी श्रद्धाही जडविली. परंतु कार्बन मोनॉक्साइडने ग्रासलेले रक्त या साध्या यंत्राला प्राणवायूने भरलेल्या रक्तासारखेच दिसते, त्यामुळे गुदमरलेल्या माणसाच्या बोटावरही ९८ किंवा ९९ झळकू शकतो. म्हणून आकडा न पाहता, मुखवट्यातून शक्य तितका शुद्ध प्राणवायू तत्काळ सुरू करावा. साध्या हवेत हा विषारी वायू निम्मा उतरावयास चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तास-दीड तासात तेवढे काम होते. पुढचे उपचार, म्हणजे दुर्बिणीने नलिका पाहून साफ करणे, हेपॅरिनची वाफ, सायनाइडवर हायड्रॉक्सोकोबालामिन, हे मोठ्या केंद्रांचे काम. आणि केवळ शिरस्ता म्हणून टोचली जाणारी स्टेरॉइड व प्रतिजैविकांची इंजेक्शने तर बहुधा निरुपयोगीच.

आता आमच्या जिल्ह्याची कैफियत. लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आमच्याच खेड तालुक्यात आहे. २० मार्च २०२१ रोजी तेथील घरडा केमिकल्सच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. डिसेंबर २०२४ मध्ये जयगडच्या शाळेतील मुलांना वायुगळतीमुळे जिल्हा रुग्णालयात आणावे लागले. तो आगीचा धूर नव्हता, तरी परीक्षा श्वासाचीच होती. शिवाय फाल्गुन-चैत्रात आंबा-काजूच्या बागांत शिरणारा वणवा झोडपायला धावणारे शेतकरी आहेतच, त्यांची गणती कोण करतो? आणि असा रुग्ण गंभीर ठरला, की त्याच्या चिठ्ठीवर पुढील उपचारांसाठी कोल्हापूर किंवा मुंबई असे लिहिले जाते. कोल्हापूर म्हणजे आंबा घाट, मुंबई म्हणजे तीनशे किलोमीटरांहून अधिक महामार्ग. ज्या काही तासांत घसा सुजतो, नेमके तेच तास रुग्ण वळणावळणांच्या रस्त्यावर काढतो, आणि सोबत असतो तो एक सहायक व एक सिलिंडर.

पाठविण्यापूर्वी सरसकट प्रत्येकाला नळी घालावी, असे माझे म्हणणे नाही. विनाकारण नळी घातलेले आणि दुसऱ्याच दिवशी ती काढावी लागलेले रुग्णही पुष्कळ असतात, आणि नळीचे स्वतःचे धोके आहेत. परंतु बोस्टनच्या इस्पितळात डॉक्टर खाटेपाशी बसून वाट पाहू शकतो. साखरपा गावाच्या पुढे, आंबा घाटात, वाट कोण पाहणार? संशयाचा फायदा येथे नळीला द्यावा लागतो, आणि त्यासाठी मोठ्या इमारतीची तजवीज करण्याआधी रात्रपाळीला हजर असलेला भूलतज्ज्ञ उपजिल्हा रुग्णालयापर्यंत नेमला जाणे जरूर आहे. साथीच्या काळात प्राणवायूच्या प्रकल्पांसाठी खजिना मोकळा झाला होता. या पदांची मागणी त्यापुढे अगदीच किरकोळ आहे.

तोवर बिनखर्चाची एक सुधारणा आरोग्य खात्याला उद्यापासून अंमलात आणता येईल. रुग्ण पुढे पाठविण्याच्या छापील चिठ्ठीवर टक्केवारीच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखावेत : आग बंदिस्त जागेत होती काय, आवाज बसला आहे काय, प्राणवायू किती वाजता सुरू केला. आणि हे तीन रकाने भरून खाली सही झाल्यावाचून रुग्णवाहिकेला फाटकाबाहेर सोडू नये.