नव्या बोकडाची वेगळी दावण

बकरी ईद जवळ आली की आठवडी बाजारात बोकडांची गर्दी होते. आपण दात पाहतो, डोळे पाहतो, चालवून पाहतो. वर्ष पूर्ण झालं आहे ना, लंगडत तर नाही ना, सगळं तपासून सौदा करतो. मग बोकड घरी आणून सरळ गोठ्यात, घरच्या शेळ्यांच्या शेजारी बांधतो. या वेळी मला बोलायचं आहे ते या शेवटच्या गोष्टीबद्दल.

माझ्या खाला धाराशिव जिल्ह्यात राहतात. एकाच पत्र्याखाली एक म्हैस, चार उस्मानाबादी शेळ्या, पाच करडं आणि आठ-दहा कोंबड्या. खालूंच्या इंतकालानंतर घर यावरच चालतं. दोन वर्षांपूर्वी ईदेच्या अठरा दिवस आधी त्यांनी बाजारातून बोकड आणला. दिसायला धडधाकट होता. तिसऱ्या दिवशी त्याचं नाक वाहू लागलं, डोळ्यांना चिपडं आली. खालांना वाटलं, प्रवासाची सर्दी असेल. आठवड्याभरात करडांना ताप आला, तोंडात फोड उठले, हगवण लागली. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, हा पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी. बोकड वाचला, पण दोन करडं आणि एक गाभण शेळी गेली.

अशात एका ओळखीच्या व्यापाऱ्याचा निरोप आला, ‘उरलेल्या शेळ्या आहेत तशा द्या, उद्याच्या बाजारात लावून टाकतो.’ खालांनी मला फोन केला. ‘तू शिकलेली आहेस, सांग. मुलीची फी भरायची आहे.’ मला पटकन उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, ‘माझा गोठा कुणीतरी असाच उजाडला ना? मी दुसऱ्या कुणाचा कसा उजाडू?’ शेळ्या विकल्या नाहीत. शेजारच्या चार घरांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की आमच्याकडे रोग आहे, तुमची जनावरं आमच्या बाजूला चारू नका.

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. ज्याचे उंट आजारी आहेत त्याने ते निरोगी उंटांत आणू नयेत, अशी ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली. लक्षात घ्या, ही जबाबदारी आजारी जनावराच्या मालकावर टाकली आहे. खालांनी त्या दिवशी तीच निभावली. आणि विकणारा कसा निघेल याचा भरवसा नसतो, म्हणून घेणाऱ्यानेही आपली दावण सांभाळायला हवी.

ती कशी? नवं जनावर आलं की तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला बांधा. त्याची बादली वेगळी, चारा वेगळा. आधी घरच्या जनावरांचं करा, शेवटी नव्याचं. मग हातपाय धुवा. याचा अर्थ कुर्बानीचा बोकड ईदेपर्यंत तिकडेच राहील. पीपीआरची लस एकदा टोचली की निदान तीन वर्षं संरक्षण मिळतं. करडांना साधारण चौथ्या महिन्यात देता येते. पण लसीचा गुण यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून बोकड आणायच्या आदल्या दिवशी टोचून भागत नाही. आंत्रविषाराची लस मात्र दरवर्षी, पावसाळ्यापूर्वी.

घरची जनावरं एका छपराखाली राहायला हरकत नाही. फक्त प्रत्येकाची जागा ठरलेली हवी. मोठ्या शेळीला दहा-बारा चौरस फूट कोरडी जागा लागते. करडं म्हशीच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून मध्ये बांबूचा आडोसा करा. कोंबड्यांना गव्हाणीच्या वर बसू देऊ नका; त्यांची विष्ठा चाऱ्यात आणि पाण्यात पडते. त्यांचं खुराडं बाजूला असावं आणि त्याचं दार एवढं लहान की शेळीचं डोकं आत जाणार नाही. कोंबड्यांचं धान्य शेळीने भरपेट खाल्लं तर पोटात आम्ल वाढून ती दगावू शकते. जमिनीला उतार द्या, मूत साचू देऊ नका.

यातलं काहीच फार खर्चाचं नाही. खालांनी जुने पत्रे आणि चार बल्ल्या घेऊन अंगणापलीकडे लिंबाखाली एक छोटं छप्पर उभारलं. फीसाठी त्यांनी त्या वर्षी कानातले गहाण ठेवले. पुढच्या वर्षी सोडवले. गेल्या ईदेचा बोकड त्या लिंबाखालीच बांधला होता. नातवंडं त्याला गोठ्यात न्यायचा हट्ट करायची. खाला म्हणायच्या, ‘मेहमान आहे तो. मेहमानाची खोली वेगळी असते.’

कुर्बानीचं जनावर निर्दोष असावं म्हणून आपण एवढी काळजी घेतो. घरच्या दावणीला जी मुकी जनावरं वर्षभर आपल्याला दूध देतात, तीही अल्लाहने सोपवलेली अमानतच आहे. तेव्हा यंदा बाजाराला निघण्याआधी अंगणात एक वेगळा खुंटा ठोकून ठेवा.